बाबांच्या होडीचं नवं इंजिन: यानमार २वायएम१५ आणि हिंगण्याचे मिस्त्री

मी नागपूरला धंतोलीत कान तपासते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कोणत्या सुराला त्याला किती ऐकू येतं ते कागदावर उतरवायचं, आणि लागेल तसं श्रवणयंत्र बसवून द्यायचं, हे माझं रोजचं काम. म्हणून इंजिनाबद्दल लिहायला बसले तरी सुरुवात आवाजापासूनच करते.

जुनं इंजिन, मिनिटाला १६०० फेऱ्या, केबिनचं दार बंद: ९३ डेसिबल. नवं इंजिन, २४०० फेऱ्या, तेच दार, मीटर त्याच फळीवर: ७५. होडीचा वेग दोन्ही वेळा साधारण पाच नॉट (तासाला पाच सागरी मैल). मीटर माझ्या क्लिनिकमधलाच होता, दर वर्षी तपासून घेतलेला.

ज्यांना डेसिबलची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. ९३ मधून ७५ गेले की १८ उरतात, आणि १८ डेसिबल उतरणं म्हणजे आवाजाची शक्ती साठाव्या हिश्शाच्याही खाली येणं. ८५ डेसिबलमध्ये माणूस आठ तास बसू शकतो असं आम्ही धरतो, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते. त्या हिशेबाने जुन्या इंजिनाजवळ बसायची मुदत जेमतेम सव्वा तास होती. बाबा तिथे चार-चार तास बसत.

होडी बाबांची आहे. २६ फुटी, फायबरची, एका शिडाच्या काठीची, आणि तळाला दोन कणे असलेली. ओहोटीला ती वाळूवर सरळ उभी राहते, कलंडत नाही. असते मालवणजवळ, देवबागला, कर्लीच्या खाडीत. माझी आत्या तिकडे दिलेली, आणि होडीकडे वर्षभर लक्ष देतो तो आतेभाऊ. बाबा मूळचे नागपूरच्या महाल भागातले. अंबाझरी तलावापेक्षा मोठं पाणी न पाहिलेला मुलगा मर्चंट नेव्हीत गेला आणि ३१ वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये राहिला. त्या काळी कानावर काही घालायची पद्धत फारशी नव्हती, कापूस कोंबायचा आणि कामाला लागायचं. त्यांच्या श्रवणाच्या आलेखात ४००० हर्ट्झला दरी पडली आहे. असे आलेख मी शेकड्यांनी काढलेत. त्यांतला हा माझ्या वडिलांचा आहे, एवढाच फरक.

अशा माणसाला खालचे सूर नीट ऐकू येतात, वरचे जातात. म्हणजे स्वर ऐकू येतो, पण स, श, फ, थ निसटतात. ‘शीड सोड’ म्हटलं तर ‘ईड ओड’ पोचतं. श्रवणयंत्राने बरंच भरून निघतं, पण मागे मंद, जाड घरघर सुरू असेल तर नाही. जाड आवाज बारीक आवाजाला गिळतो, उलट सहसा होत नाही. आणि एका सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन जाड आवाजच काढतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठोका, १६०० फेऱ्यांना सेकंदाला तेरा. तो ठोका इंजिन ज्यांवर बसतं त्या लाकडी पाटांतून तळात, तळातून केबिनच्या भिंतींत, भिंतींतून पायांत. माझा मीटर ‘ए’ पट्टीवर (ती खालचे सूर कमी धरते) ९३ दाखवायचा, ‘सी’ पट्टीवर (ती ते जवळजवळ पूर्ण धरते) १०४. या दोन आकड्यांत इतकं अंतर पडलं की समजावं, आवाजाचा मोठा भाग खालच्या सुरांचा आहे. इंजिन सुरू झालं की बाबा दोन्ही यंत्रं काढून डब्यात ठेवायचे. खाडीतून बाहेर पडून शीड लागेपर्यंत आम्ही हातवाऱ्यांनी बोलायचो. मागच्या दोन वर्षांत त्यांनी इंजिन सुरू असताना बोलायचा प्रयत्नच सोडून दिला होता.

तरी जुनं इंजिन बदलायला ते तयार नव्हते. नऊ अश्वशक्तीचं, बिडाचं, दीडशे किलोंचं धूड. कधी दगा दिला नाही म्हणायचे. शेवटी त्यांचं मन खारट पाण्याने वळवलं. त्या इंजिनात समुद्राचं पाणीच आतून फिरायचं. समुद्राचं पाणी साठ अंशांच्या वर नेलं तर मीठ आत जमायला लागतं, म्हणून अशी इंजिनं मुद्दाम थंड चालवतात. थंड चालल्याने डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, आणि मीठ बिडाला खातच असतं. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) खाली गंजाने पातळ झालेली जागा बाबांच्या स्क्रू-ड्रायव्हरला लागली. टोक आत गेलं. ते काही बोलले नाहीत, फक्त स्क्रू-ड्रायव्हर पुसून ठेवला.

यानमारच ठरलं ते बाबांच्या विश्वासाने. आकाराने लहान, पण खऱ्या कामाचं डिझेल इंजिन १९३३ साली पहिल्यांदा या जपानी कंपनीने केलं, हे ते घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतात. २वायएम१५ म्हणजे दोन सिलिंडर, ५७० सीसी, ३६०० फेऱ्यांना १३.६ अश्वशक्ती, गिअरबॉक्ससह ११३ किलो. जुन्यापेक्षा एक सिलिंडर जास्त आणि वजन कमी. आतून गोडं पाणी फिरतं, समुद्राचं पाणी फक्त शेजारच्या नळ्यांतून जाऊन त्याला गार करतं. त्यामुळे इंजिन हवं तेवढं गरम चालतं आणि मीठ पोटात जात नाही. होडीचं वजन सामानासकट पावणेतीन टन; टनामागे चार-पाच अश्वशक्ती पुरते. याहून मोठं घेऊन उपयोग नसतो, कारण पाण्यावरची लांबी २१ फूट असलेली होडी सहा नॉटच्या पुढे रेटली तरी नुसत्या लाटा उठवते.

खर्च विचारतील म्हणून सांगते: इंजिन, पंखा (पाण्यातला, होडी ढकलणारा), धुराची नवी पाइपलाइन, आवाज अडवणारी पेटी, वाहतूक, सगळं धरून एक नवी छोटी गाडी दारात उभी राहिली असती.

आता नागपूर कुठे आलं ते. इंजिन कोणीही पैसे देऊन आणेल. ते शांत बसवणं हे वेगळं काम, आणि त्यासाठी मी किनाऱ्यावर माणूस शोधलाच नाही. आमच्या क्लिनिकच्या मागच्या गल्लीत शेजारच्या हॉस्पिटलचा जनरेटर आहे. तो सुरू झाला की माझ्या तपासणीच्या खोलीतही हलकी कंपनं यायची. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलने त्याची पेटी हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून नवी करून घेतली आणि माझा त्रास संपला. जनरेटरच्या पेटीला सरकारी नियम आहे, ठरावीक क्षमतेपर्यंतच्या सेटला एक मीटरवर ७५ डेसिबलच्या वर जाता येत नाही. या मिस्त्रींचं आयुष्य त्या ७५ आकड्याभोवती गेलं आहे. मंगल कार्यालयं, हॉस्पिटलं, टॉवर. डिझेल इंजिन पेटीत घालून गप्प कसं करायचं हे त्यांना जेवढं कळतं तेवढं कळणारा माणूस मला होडीवाल्यांत भेटला नव्हता.

मी फोटो घेऊन गेले तेव्हा हे मिस्त्री काका बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, “ताई, मी समुद्र पाह्यलाच नाही. पण इंजिन तं इंजिनच राह्यते ना.” मग लगेच विचारलं, “हे कायच्यावर बसून आहे?”

नेमका प्रश्न. जुनं इंजिन लाकडी पाटांवर सरळ बोल्टने आवळलेलं होतं, मध्ये रबर नाही. होडी साडेनऊशे किलोमीटरवर, वर्कशॉप इथे, म्हणून आम्ही डमी केली. आतेभावाने आणि मी देवबागला दोन दिवस पोटावर पडून मापं घेतली: शाफ्टचा (इंजिनापासून पंख्यापर्यंतच्या दांड्याचा) मध्य, पाटांची उंची, दोन पाटांतलं अंतर, शाफ्टचा उतार, वरच्या झाकणापर्यंतची जागा. कंपनीच्या ड्रॉइंगवरून नव्या इंजिनाच्या आकाराचा प्लायवूडचा सांगाडा केला, तो होडीत उतरवून पाहिला. डाव्या बाजूला चार सेंटिमीटर जागा कमी पडत होती, तिथली फळी कापावी लागली. हे प्लायवूडवर कळलं ते बरं. ११३ किलो साखळीवर लटकत असताना कळलं असतं तर फार वाईट झालं असतं.

वर्कशॉपमध्ये काकांनी होडीचं पोट जमिनीवर उभं केलं: त्याच उतारावर दोन पाट, मधे शाफ्टच्या जागी ताणलेली तार. जुने पाट आतून मऊ झाले होते म्हणून नवे इथेच करून घेतले. लाकूड बल्लारपूरचं सागवान. बाबा स्वतः निवडायला गेले आणि प्रत्येक फळीवर हात फिरवून, वास घेऊन परत आले. बोल्ट, वॉशर, पट्ट्या इतवारीत लोहा ओळीतून. खाऱ्या हवेत टिकेल असं ३१६ स्टेनलेसच हवं हे मी चार वेळा सांगितलं आणि काकांनी चारही वेळा ऐकून घेतलं.

इंजिन मुंबईहून नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्स्पोर्टला उतरलं, मे महिन्यात. ४४ अंशांत पत्र्याच्या शेडखाली ते पाटांवर चढवलं, शेजारी पाण्याचा २०० लिटरचा ड्रम ठेवला आणि सुरू केलं. दोन सिलिंडरचं कोणतंही लहान डिझेल सुरुवातीच्या मंद फेऱ्यांना थोडं थरथरतं, तसं थरथरलं, आणि १२०० च्या पुढे गेल्यावर स्थिरावलं. बाबांनी हेडवर हात ठेवला. कॉलेजच्या मुलीने पहिल्यांदा गाडी हातात घ्यावी तसा चेहरा.

नवं इंजिन जास्त फेऱ्या घेतं, मग ते शांत कसं, असं मला बरेच जण विचारतात. २४०० फेऱ्या आणि दोन सिलिंडर म्हणजे सेकंदाला चाळीस ठोके. तेरा ठोक्यांचा हादरा रबर अडवू शकत नाही, तो रबरासकट सगळं हलवतो. चाळीसचा हादरा रबरातच जिरतो. आणि सूर जितका वर, तितका तो पेटीच्या जड भिंतीला अडतो. म्हणून नवं इंजिन घेऊन ते जुन्यासारखं पाटांना घट्ट आवळलं तर निम्मे पैसे वाया जातात. आमच्या इंजिनाला चार रबरी पाय आहेत, वजनाप्रमाणे निवडलेले, आणि शाफ्टच्या जोडाला लवचीक कपलिंग. पाय मऊ आणि जोड कडक ठेवला तर इंजिन हलेल तेव्हा सगळा ताण गिअरबॉक्सच्या सीलवर जातो.

पेटीच्या बाबतीत माझी एक चूक झाली. आवाजाचा एक नियम आहे: भिंतीच्या शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची भिंत कितीही जाड करा, वीस डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. मी हाच नियम घेऊन बसले आणि प्रत्येक फट बुजवायला लावली. काका म्हणाले, “ताई, इंजिन श्वास कुठून घेईन?” मी ऐकलं नाही. दहा मिनिटांत काळा धूर आला आणि पेटीच्या आतलं तापमान चढलं. डिझेल इंजिनाला जळायला हवा लागते, वर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरलाही गार राहायला लागते. काकांनी काही न बोलता जनरेटरच्या पेटीतली त्यांची युक्ती काढली: हवेची वाट सरळ न ठेवता तीन वळणांची, आतून फोम लावलेली. हवा वळत जाते, आवाज प्रत्येक वळणावर फोमवर आदळून मरतो. भिंती तीन थरांच्या, फोम, मधे जड रबरी पत्रा, पुन्हा फोम. जड थर आवाज अडवतो, फोम तो आत घुमू देत नाही. आतला फोम तेल न पिणारा आणि आग न धरणारा हवा, यात काटकसर करू नये.

वर्कशॉपबद्दल तक्रार एकच, पण ती लहान नाही. तीन आठवडे उशीर. लग्नसराईत जनरेटरची कामं मधे घेतली गेली आणि आमची पेटी कोपऱ्यात पडून राहिली. फोन केला की “होऊन राह्यलं ताई, उद्या पाहा” एवढंच. त्या उशिरामुळे पाऊस येण्याआधी होडीत इंजिन बसवायचं राहिलं आणि सगळं सामान आमच्या गच्चीखालच्या खोलीत चार महिने झाकून पडलं. नोव्हेंबर ते जूनमध्ये त्यांच्याकडे काम द्यायचं असेल तर तारीख कागदावर लिहून घ्या.

ऑक्टोबरात पिकअपने सगळं देवबागला नेलं. तिथे क्रेन नव्हती. ओहोटीला होडी वाळूवर उभी राहिल्यावर शिडाच्या आडव्या काठीला खालून टेकू दिले आणि साखळीची चेनपुली लावून जुनं इंजिन वर काढलं, नवं खाली सोडलं. डमी केल्यामुळे चारही बोल्ट आपापल्या भोकांत गेले. काका स्वतः आले होते, नागपूर-मडगाव गाडीने, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला. पहिला अर्धा दिवस त्यांनी कामाला हात लावला नाही. किनाऱ्यावर उभे होते. दुसरा अर्धा दिवस ते होडीच्या पोटातून बाहेर आले नाहीत.

शाफ्टची रेष जुळवण्याचं काम मात्र वाळूवर संपवायचं नसतं, आणि हे कोणी सांगत नाही. जमिनीवर उभी होडी आणि तरंगणारी होडी यांचा आकार किंचित वेगळा असतो. डोलकाठीच्या तारा ताणल्या की आणखी बदलतो. आम्ही होडी दोन दिवस पाण्यात तशीच ठेवली, मग जोड सोडून त्याच्या दोन तबकड्यांमधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) चार बाजूंनी मोजली. चार इंची तबकडीला दहा शतांश मिलिमीटर, म्हणजे ०.१ मिमी, याच्या वर फरक चालत नाही. पहिल्या मापाला ०.४ आला. पायांचे नट पाव-पाव फेरा फिरवत ०.०८ पर्यंत आणायला सकाळ गेली. बाबा गेज धरत होते, काका नट फिरवत होते. दोघांना एकमेकांची भाषा नीट समजत होती.

धुराच्या नळीचंही असंच. इंजिन पाण्याच्या पातळीखाली बसतं, म्हणून थंड करून धुराबरोबर बाहेर जाणारं पाणी नळीतून मागे इंजिनात ओढलं जाऊ नये यासाठी वर उंच वळसा आणि हवा घेणारा व्हॉल्व्ह लागतो. जुन्याला तो होता, पण चिकटून बंद पडलेला. नवा घातला. आणि इंजिन पहिल्यांदा पेटत नसेल तर स्टार्टर फिरवत बसू नका: न पेटलेल्या इंजिनाने ओढलेलं पाणी धुराच्या नळीतल्या डब्यात साठत जातं आणि शेवटी सिलिंडरमध्ये शिरतं.

पंखा बदलणं आम्ही टाळून पाहिलं, ते जमलं नाही. जुना पंखा मंद, जुन्या इंजिनाच्या मापाचा. नव्या इंजिनाचा गिअर २.६२ चा, म्हणजे इंजिनाच्या २.६२ फेऱ्यांना पंख्याची एक. पूर्ण थ्रॉटलला ३००० च्या वर चढेना, मागे काळा धूर. इंजिनाला पूर्ण फेऱ्या गाठता येत नसतील तर ते सतत ओझ्याखाली राबतं. कमी पिचचा (एका फेरीत कमी पुढे ढकलणारा) पंखा लावला आणि ३५५० गाठले. तेव्हा कुठे धूर गेला. ही रक्कम सुरुवातीलाच हिशेबात धरा. टाकीही त्याच वेळी रिकामी करून धुतली. तळाशी पाणी आणि त्यावर काळी बुळबुळीत साय निघाली. नव्या इंजिनाच्या पंपात ती गेली असती तर फिल्टर आठवड्याला तुंबले असते. होडीच्या नोंदणीत इंजिनाचा क्रमांक बदलून घ्यायचं कामही आतेभावाने करून टाकलं.

तर हे इंजिन घ्यावं का? दोन ते तीन टनांची शिडाची होडी असेल, समुद्रात किंवा खाडीत चालत असेल, तर मी घ्या म्हणेन. पाच-सहा मैलांच्या आतच फिरणाऱ्या हलक्या होडीला एवढं इंजिन नको, तिला मागे अडकवायचं आउटबोर्ड पुरे. आणि इंजिनाला जेवढा वेळ देता तेवढाच ते बसवणाऱ्या माणसाला शोधायला द्या. समुद्रापासून दूरचा असला तरी चालेल, डिझेलचा आवाज कळणारा हवा.

जानेवारीत आम्ही खाडीतून बाहेर पडत होतो. २४०० फेऱ्या, मी सुकाणूवर, बाबा केबिनच्या दारात, दोन्ही कानांत यंत्रं. आतेभाऊ पलीकडच्या भोगव्याकडचा वाळूचा पट्टा यंदा कुठे सरकलाय ते सांगत होता आणि बाबा त्याला मधेच प्रश्न विचारत होते. मग ते थांबले, मान मागे वळवली आणि म्हणाले, “पाणी कमी पडतंय.” मी तापमानाचा काटा पाहिला, जागेवर होता. “धुराबरोबर पाणी कसं पडतं ते ऐक. मघाशी भरलेलं पडत होतं. आता थुंकतंय.”

मला फरक कळला नव्हता. इंजिन बंद केलं, नांगर टाकला, पाणी आत घेणाऱ्या गाळणीचं झाकण उघडलं. आत प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा अडकलेला होता, हाताच्या पंजाएवढा. काढला, झाकण लावलं, पुन्हा सुरू केलं. बाबांनी थोडा वेळ ऐकलं आणि मान हलवली.

इंजिनाचे ४६ तास झालेत. पन्नासाव्या तासाला पहिलं तेल बदलायचं आहे, त्यासाठी पुढच्या महिन्यात जातोय. काकाही येतो म्हणालेत.